आमवातानं बोटं आखडलेल्यांसाठी कानाचं मशीन कोणतं घ्यावं?

कृष्णाकाठ (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आत्यासाठी विचारतेय. वय ६७, राहणार कराडजवळ. आमवात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड, १२ वर्षं. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदा, फॉलिक अ‍ॅसिड आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे. सकाळी हात मोकळे व्हायला तास-दीड तास लागतो. दोन्ही हातांची बोटं करंगळीकडं झुकलीत, चिमूट नीट बसत नाही.

दोन्ही कानांचा ऑडिओग्राम (कोणत्या पट्टीचा आवाज किती मोठा केल्यावर ऐकू येतो त्याचा आलेख) जवळजवळ सारखा आहे: ५०० हर्ट्झला ४० डेसिबल, १००० ला ५०, २००० ला ६०, ४००० ला ७०. पडदे चांगले आहेत, डॉक्टरांनी मशीन लावा म्हणून सांगितलंय. दुकानात मात्र कानाच्या आत बसणारं, कुणाला न दिसणारं मशीन पुढं करतात. चिमूट नसलेल्या हाताला ते झेपेल का? सेल बरा की चार्जिंग? आणि ट्रायल घेताना नेमकं काय तपासायचं?

ध्वनिलहरी | सोमवार, रात्री १०:०२

ऑडिओलॉजीत काम करतो म्हणून सविस्तर लिहितो. अशा व्यक्तीसाठी आधी बोटं बघायची, मग कान. ४० ते ७० डेसिबलचा हा आलेख बाजारातलं जवळजवळ कोणतंही बरं डिजिटल मशीन पेलतं. रोज सकाळी ते स्वतःच्या हातानं कानात जातंय की नाही, खरा प्रश्न तो आहे. नीट न बसलेलं मशीन शिट्टी मारतं, मग लोक म्हणतात मशीनच खराब, आणि महिनाभरात ते कपाटात जाऊन पडतं.

पूर्ण आत बसणारं (सीआयसी) मनातून काढून टाका. शेंगदाण्याएवढा ऐवज, त्यात १० नंबरचा सेल, जेमतेम ५.८ मिलिमीटर व्यासाचा. सेल पडला तर जमिनीवरून उचलता येत नाही.

आरआयसी म्हणजे कानामागं छोटी डबी, बारीक वायर आणि स्पीकर कानात. आवाज छान, वजन कमी. पण स्पीकरच्या तोंडाशी मोहरीएवढी मळजाळी असते. ती मळानं भरली की आवाज बंद. ती बदलायची काडी आगपेटीच्या काडीएवढी, म्हणजे पुन्हा चिमूट आलीच.

कानामागचं बीटीई जरा मोठं असतं, पण धरायला काहीतरी असतं. त्याला कानाच्या मापाचा मोल्ड, म्हणजे कानात बसणारा तुकडा, लावतात. माझा कौल बीटीई, चार्जिंगचं, आणि कडक अ‍ॅक्रिलिकचा कॅनाल मोल्ड. मऊ सिलिकॉन ऐकायला आरामशीर वाटतं, पण ते कातडीला चिकटतं आणि आत सरकवताना दुमडतं. अ‍ॅक्रिलिक घसरत जाऊन बसतं. मोल्ड सांगताना दोन गोष्टी लिहूनच द्या. एक, कानाच्या वरच्या घडीत अडकवायचा हेलिक्स लॉक नको, कारण तो बसवताना मनगट पिळावं लागतं. दुसरी, काढण्यासाठी नायलॉनची दोरी हवी. शिवाय खालच्या पट्टीत ऐकणं अजून बरं आहे, म्हणून मोल्डला हवेचं भोक ठेवायला सांगा. नाहीतर स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमतो.

आणि दोन्ही कानांना घ्या. एकाच कानात मशीन असलं की आवाज कुठून आला ते कळत नाही.

अजिंक्यतारा | सोमवार, रात्री १०:२०

ध्वनिलहरी, +१. मोल्डचा मुद्दा दुकानात कुणी काढतच नाही, सगळं बोलणं चॅनेल किती, म्हणजे मशीन आवाजाच्या किती पट्ट्या वेगळ्या हाताळतं, यावर.

औषधपेठ | मंगळवार, सकाळी ७:४५

चार्जिंगला सरसकट कौल देऊ नका. १३ नंबरचा सेल (नारंगी स्टिकर) बीटीईत साधारण १० दिवस जातो. दोन कानांचे वर्षाला ७३ सेल. एक सेल ३५ रुपये धरला तर अडीच हजारांच्या आसपास. चार्जिंगच्या मशीनची आतली लिथियम बॅटरी ४-५ वर्षांनी थकते, आणि बहुतेक मॉडेलमध्ये ती घरी बदलता येत नाही. मशीन कंपनीकडं पाठवावं लागतं, तेवढे दिवस कान बंद.

सेलचं एक तंत्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. हे झिंक-एअर सेल असतात, स्टिकर काढल्यावर हवा आत जाते तेव्हा ते जागे होतात. स्टिकर काढून लगेच दार लावू नका, ३ ते ५ मिनिटं उघडा ठेवा, सेल जास्त टिकतो. एकदा काढलेला स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. आणि लहान मुलं असतील तर वापरलेले सेलसुद्धा उंच ठेवा. गिळला तर थेट दवाखाना गाठायचा, वाट बघायची नाही.

माणदेशी | मंगळवार, सकाळी ८:३०

औषधपेठ दादा, हिशोब बरोबर हाय, पण ७३ सेल बदलायचे म्हंजे वर्षाला ७३ बार ते बारकं दार नखानं उघडायचं. आमवाताच्या हाताला त्योच तर खरा ताप हाय. चार्जिंगचं रातच्याला चार्जरच्या डबीत टाकलं की झालं.

लायटीची काळजी असंल तर पावरबँक जवळ ठिवा. बहुतेक चार्जर यूएसबीचे, ५ व्होल्टवर चालत्यात. पूर्ण चार्ज व्हायला ३-४ तास लागत्यात, ते रातीत कवाबी होऊन जातं. डबीचं झाकण मातर दुकानातच उघडून बघा. काय डब्यांची झाकणं इतकी घट्ट की धडधाकट माणसाला बी दोन हात लावायला लागत्यात.

ध्वनिलहरी | मंगळवार, सकाळी ९:१५

माणदेशींशी सहमत. औषधपेठ यांचा बॅटरी थकण्याचा मुद्दा खरा आहे. म्हणून घेतानाच विचारा, वॉरंटी संपल्यावर बॅटरी बदलायला किती रुपये आणि किती दिवस लागतात, आणि मधल्या काळात दुसरं मशीन वापरायला देता का. हे बिलावर लिहून घ्या. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे, बिलात लावला असेल तर विचारा.

चार्जर दोन तर्‍हेचे असतात. एकात मशीनच्या धातूच्या टाचण्या चार्जरच्या टाचण्यांवर नेमक्या बसवाव्या लागतात, दुसर्‍यात मशीन खाचेत नुसतं टाकलं तरी चालतं. आत्यांसाठी दुसरा. आणि दिवा लागला की नाही ते दोन फुटांवरून दिसलं पाहिजे.

सांधाजोड | मंगळवार, दुपारी १:०५

हातांच्या थेरपीच्या बाजूनं लिहिते, कारण इथं एक चूक जवळजवळ सगळे करतात. ट्रायलची वेळ दुपारी चार-पाचची घेतात. आमवाताचा हात दुपारी सर्वांत मोकळा असतो. दुकानात दहा मिनिटांत मशीन मस्त बसतं, आणि दुसर्‍या दिवशी सकाळी घरी बसत नाही. म्हणून ट्रायल सकाळी घ्या, हात सगळ्यात आखडलेले असतात तेव्हा. साडेआठ-नऊची वेळ मागा. त्या वेळी पाच वेळा स्वतः घालायचं, पाच वेळा काढायचं. पाचातून निदान तीन वेळा जमलं नाही तर ते मॉडेल नाही, कितीही भारी असलं तरी.

घालण्याची पद्धत. खुर्चीत बसा, समोर टेबल. टेबलावर जाडा टॉवेल पसरा, म्हणजे मशीन पडलं तरी उडत नाही, फुटत नाही. उजव्या कानासाठी उजवं कोपर टेबलावर टेकवा आणि डोकं हाताकडं न्या. हात वर उचलून कानाशी धरला की खांदा दुखतो आणि बोटं थरथरतात. मोल्ड बोटांच्या टोकांनी पकडू नका. अंगठा आणि तर्जनीची बाजू यांच्यात किल्ली धरतो तसा हलका धरा. मोल्ड कानाच्या तोंडाशी टेकला की तोंड उघडा. जबडा खाली गेला की कानाची नळी जरा रुंद होते आणि मोल्ड सरकतो. शेवटचा दाब तर्जनी दुमडून तिच्या मधल्या पेरानं द्या, टोकानं नको. मग मशीनची डबी कानामागं टाका.

बहुतेक ठिकाणी शिकवतात की दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागं ओढा. खांदा धरलेला असेल तर हे करायलाच जाऊ नका, तोंड उघडणं पुरतं.

सकाळी आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात हात, मग पूर्ण कोरडे करून मशीन. मेणाचा शेक घेत असाल तर नंतर हात साबणानं धुवा. पॅराफिनचा, दुखण्याच्या जेलचा किंवा खोबरेल तेलाचा हात मायक्रोफोनला लागला की भोकं बुजतात. केसांना तेल लावायचं ते रात्री, मशीन काढल्यावर.

वाईकर | मंगळवार, सायंकाळी ६:४०

मोल्डचं माप घेण्याबद्दल. आमवातात जबड्याचा सांधाही धरतो, कानाच्या अगदी पुढं असतो तो. बोलताना-चावताना कानाची नळी हलते, म्हणून तोंड मिटून घेतलेल्या मापाचा मोल्ड जेवताना सैल होतो आणि शिट्टी वाजते. माप तोंड उघडं ठेवून घ्या असं सांगा, दातांमध्ये लहान ठोकळा देतात. लगदा घट्ट व्हायला साधारण ४-५ मिनिटं लागतात. जबडा दुखरा असेल तर ते आधीच सांगा, आणखी लहान ठोकळा वापरतात.

दुसरं, मान. आमवातात पुष्कळांची मान नीट वळत नाही. पुढच्याच दिशेनं ऐकणारे मायक्रोफोन कायमचे चालू ठेवले तर मागून किंवा बाजूनं हाक मारलेली कळत नाही, आणि हा माणूस चटकन वळूही शकत नाही. घरासाठी चौफेर ऐकण्याचा प्रोग्रॅम आणि लग्नकार्यासाठी दिशेचा, असे दोनच ठेवायला सांगा.

तंबोरा | मंगळवार, रात्री ८:००

मूळ प्रश्न सोडून विचारतो, आमवात आणि बहिरेपणाचा खरंच संबंध आहे का, की वयच?

ध्वनिलहरी | मंगळवार, रात्री ८:५०

तंबोरा, दोन्ही असू शकतं. कानाच्या मधल्या भागात तीन हाडं आहेत, हातोडी, ऐरण आणि रिकीब. त्यांच्यातले सांधे बोटांच्या सांध्यांसारखेच अस्तर असलेले आहेत, त्यामुळं आमवात तिथंही पोचू शकतो. आतल्या कानाचा, म्हणजे नसेचा बहिरेपणाही आमवाताच्या रुग्णांत जास्त दिसतो. म्हणून नुसता ऑडिओग्राम पुरत नाही. हाडातून आणि हवेतून अशी दोन्ही तपासणी आणि टिम्पॅनोमेट्री (पडदा आणि मधला कान नीट हलतो का ते बघणारी तपासणी) करून घ्या. धाग्यातल्या केसमध्ये पडदे चांगले आहेत असं लिहिलंय, टिम्पॅनोमेट्री झाली का तेवढं बघा.

एक गोष्ट मात्र घाईची. एका कानानं अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येणं बंद झालं तर ते मशीनचं काम नाही. त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठायचा. स्टेरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत आणि जितका लवकर तितका उपयोगी. मळ असेल म्हणून तेल टाकत बसण्यात हे दिवस जातात.

औषधपेठ | मंगळवार, रात्री ९:२५

गोळ्यांचंही बघा. अ‍ॅस्पिरिनचे मोठे डोस कानात गुंई आवाज आणतात, डोस कमी केला की बहुधा जातो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विननं कानावर परिणाम क्वचित होतो, पण नवीन गुणगुण सुरू झाली तर डॉक्टरांना सांगा. आपण होऊन गोळी बंद करू नका. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकच दिवस. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून वार पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा.

हळदभाव | बुधवार, सकाळी ६:५५

सांगलीच्या पेठेत एवढी हळद असताना इतक्या गोळ्या कशाला? हळद-दूध आणि गावाकडच्या पुड्यांनी पुष्कळांचे सांधे सुटलेत.

औषधपेठ | बुधवार, सकाळी ७:३०

हळदभाव, हळद रोज खा, सांगलीकराला ती कुणी नको म्हणणार नाही. पण ती सांध्याची झीज थांबवत नाही, ते काम मेथोट्रेक्झेटसारखी औषधं करतात. आणि पुड्यांबद्दल कळकळीनं सांगतो. लेबल नसलेल्या, दोन दिवसांत दुखणं गायब करणार्‍या पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. त्यानं साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, आणि पुडी एकदम बंद केली तर माणूस कोसळतो. तोवर आत सांधा झिजतच असतो. बोटं एकदा वाकडी झाली की कुठलंही मशीन बसवणं अवघड होतं, म्हणजे हाही या धाग्याचाच विषय आहे.

हळदभाव | बुधवार, सकाळी ८:१०

पुड्यांचं पटलं. अशी पुडी घेणारे ओळखीचे आहेत, त्यांनी आता काय करावं?

औषधपेठ | बुधवार, सकाळी ८:२५

एकदम बंद करू नका म्हणावं. पुडी आहे तशी घेऊन संधिवाताच्या डॉक्टरांकडं जायचं, ते हळूहळू कमी करतात.

दाखला_हवा | बुधवार, दुपारी १२:१५

सरकारी मदतीचं लिहितो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऐकू कमी येण्याची व्याख्या दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून सुरू होते. वरच्या चार आकड्यांची सरासरी काढा: ४०, ५०, ६०, ७०, म्हणजे ५५. त्यामुळं कानाच्या आधारावर दिव्यांग कार्ड मिळणं अवघड दिसतं. दाखल्यासाठी हेलपाटे घालण्याआधी हा हिशोब करून बघा. पुढं ऐकणं कमी झालं तर पुन्हा तपासून अर्ज करता येतो.

वयावर मिळणार्‍या योजना वेगळ्या. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री ६० वर्षांवरच्या गरजूंना साधनं देते, त्यात श्रवणयंत्र आहे. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री (२०२४) ६५ वर्षांवरच्यांना ३,००० रुपये खात्यात देते, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत हवं. ३,००० मध्ये चांगलं मशीन येत नाही, पण मोल्ड आणि मशीन वाळवायच्या ड्रायरचा खर्च निघतो. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा, आधार बँकेला जोडलेलं ठेवा.

मोरणाकाठ | बुधवार, दुपारी ३:००

जुनं खिशातलं पॉकेट मॉडेल कुणी सुचवलं नाही. मोठं चाक, मोठा सेल, किंमत कमी. बोटं अगदीच गेली असतील तर तेच बरं.

ध्वनिलहरी | बुधवार, दुपारी ४:१०

बरोबर आहे, ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पेन्सिल सेल गावातल्या किराणा दुकानात मिळतो आणि चाक अंगठ्याच्या मुळानं फिरवता येतं. तोटे दोन. मायक्रोफोन छातीवर असल्यानं साडीच्या पदराची घसघस सतत ऐकू येते, आणि वायर ओढली जाऊन जोडापाशी तुटते. माझ्या मते ते दुखणं उफाळल्याच्या आठवड्यांसाठी जोडीला ठेवावं, रोजसाठी बीटीई.

ऑनलाइन हजार-दोन हजारांना मिळणारे आवाज वाढवणारे डबे मात्र घेऊ नका. आलेखाप्रमाणे सेटिंग होत नाही, आणि अचानक मोठा आवाज आला तर त्याला मर्यादा नसते.

कोयनेचा_पाऊस | बुधवार, सायंकाळी ५:३०

पाटण-महाबळेश्वरच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने मशीनचा खरा शत्रू दमट हवा. मोल्डच्या नळीत पाण्याचा थेंब जमला की आवाज बुडबुड येतो. रबरी फुगा मिळतो, त्यानं फुंकून काढायचा. नळी पिवळी-कडक झाली की बदलायची, साधारण ३ ते ६ महिन्यांनी. रात्री सिलिका जेलच्या बरणीत ठेवायचं. पण सेलचं मशीन असेल तर सेल बाहेर काढून दार उघडं ठेवा, बरणीत झिंक-एअर सेल सुकून मरतो. चार्जिंगच्या मशीनला वाळवण्याची सोय कुठली चालते ते विक्रेत्याला विचारा, काही चार्जरमध्येच ती असते.

आमवाताची औषधं प्रतिकारशक्ती कमी करतात, त्यामुळं ओल्या कानात बुरशी लवकर धरते. रात्री कान मोकळा ठेवा, मशीन घालून झोपू नका. खाज किंवा पाणी सुरू झालं तर मशीन बंद, आधी डॉक्टर.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. टिम्पॅनोमेट्री झालेली नव्हती, शुक्रवारी मिरजेत करून घेतोय. ट्रायलही तिथंच, सकाळी साडेआठची वेळ मिळाली. दोन शंका राहिल्या. मोल्डची रोजची सफाई तिनं कशी करायची? आणि आवाज कमी-जास्त करायचं बटण अगदी बारीक आहे, त्याचं काय?

सांधाजोड | बुधवार, रात्री ९:३५

बटण बंदच करायला सांगा. सेटिंगमध्ये ते निकामी करता येतं. आवाज मोबाइलमधून किंवा आपोआप. आत्यांचा स्वतःचा फोन बरोबर न्या, सगळी मशीनं सगळ्या फोनशी जुळत नाहीत.

सफाईचा ब्रश मिळतो तो पेनाच्या रिफिलएवढा बारीक. त्याच्या दांड्यावर सायकलच्या हँडलची जुनी रबरी मूठ चढवा, किंवा सुती पट्टी अंगठ्याएवढी जाड होईपर्यंत गुंडाळून चिकटपट्टी लावा. मूठभर झाला की चिमूट लागत नाही. मोल्डचं तोंड खाली धरून ब्रश फिरवायचा, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो. रोज एवढंच. मोल्ड नळीसकट मशीनच्या हुकापासून ओढून काढून कोमट साबणपाण्यात धुणं आठवड्यातून एकदा, आणि ते दुसर्‍या कुणीतरी करायचं. तो जोड ओढायला जी ताकद लागते ती आमवाताच्या अंगठ्यानं लावायची नाही. नळीत पाणी राहिलेलं असताना परत जोडू नका.

ध्वनिलहरी | बुधवार, रात्री ९:५०

आणि उजव्या मशीनवर लाल, डाव्यावर निळी खूण असते, ती मोठी करून घ्या. लाल नेलपॉलिशचा टिपका चालतो, फक्त मायक्रोफोनच्या भोकांपासून लांब. एमआरआय निघाला तर मशीन खोलीच्या बाहेर काढून ठेवायचं, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री १०:०५

टिपका आजच लावायची तयारी केली असती, पण मशीन अजून यायचंय :) सायकलची मूठ मात्र मिळाली, गोठ्यात जुनी सायकल आहे. जाडा टॉवेल पिशवीत टाकलाय. ट्रायलला तीन मॉडेल दाखवणार आहेत, पाच वेळांचा हिशोब कागदावर मांडून शनिवारी इथं टाकते.